पावसाळी नौकाबंदी आणि इंजिनातील तेलबदल : मुंबई उपनगराच्या किनाऱ्याचा संदर्भ

प्रस्तावना :
वेसावे, मढ, मनोरी व गोराई ही मुंबई उपनगरातील सागरी मासेमारीची जुनी केंद्रे होत. महाराष्ट्राच्या जलधिक्षेत्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीस बंदी असते. या काळात नौका किनाऱ्यावर वा खाडीत शाकारून ठेवल्या जातात. शीत प्रदेशांत नौकांची ही विश्रांती हिवाळ्यात येते. मात्र इंजिनातील तेल नौका ठेवण्यापूर्वी बदलावे की पुन्हा समुद्रात नेण्यापूर्वी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

वापरलेल्या तेलाचे स्वरूप :
तेल केवळ वंगणाचे कार्य करीत नाही. ज्वलनातून निर्माण होणारी काजळी, पाण्याचा अंश व आम्ले ते स्वतःत सामावून घेते. आम्लांचे उदासिनीकरण करणारी अल्कधर्मी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. परंतु हंगामाअखेर ती बरीचशी खर्ची पडतात. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानुसार मोटार डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत मर्यादित आहे. त्यामुळे गंधकाम्लाचा धोका घटला, तरी काजळी, ओलावा व तेलाच्या ऑक्सिडीकरणातून होणारी आम्ले उरतातच. चालत्या इंजिनाच्या उष्णतेने ओलावा बाहेर पडतो. बंद इंजिनात तो साचून बेअरिंग व क्रँकशाफ्ट यांचे पृष्ठभाग गंजवितो. सांताक्रूझ येथे पावसाळ्यात सरासरी सुमारे २३०० मि.मी. पाऊस पडतो. अशा दमट हवेत दोन महिने जुने तेल ठेवणे म्हणजे गंजास आमंत्रणच होय.

योग्य क्रम :
१) शेवटच्या फेरीनंतर इंजिन गरम असतानाच तेल काढावे, त्यामुळे तरंगती काजळी तेलासोबत निघून जाते.
२) फिल्टर बदलून उत्पादकाने सुचविलेल्या प्रतीचे नवे तेल भरावे.
३) शीतन-व्यवस्था चालू ठेवून इंजिन काही मिनिटे चालवावे, म्हणजे नव्या तेलाचा थर सर्व भागांवर पसरतो.
४) समुद्राचे पाणी खेळणारी शीतन-व्यवस्था गोड्या पाण्याने धुवावी.
५) ऑगस्टमध्ये डिपस्टिकवर पातळी व रंग तपासावा. तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजून कारण शोधावे व तेल पुन्हा बदलावे. अन्यथा त्याची आवश्यकता नाही.

एक आक्षेप :
मे महिन्यात उत्पन्न आटलेले असते. शिवाय ‘नवे तेल पडून वाया जाते’ असा समज आढळतो. वस्तुतः ज्वलन होत नसल्याने दोन महिन्यांत नव्या तेलाची गुणवत्ता फारशी घटत नाही. खर्चही वाढत नाही, केवळ दोन महिने अलीकडे येतो. उलट, ऑगस्टमध्ये भर समुद्रात बेअरिंग निकामी झाल्यास दुरुस्तीचा खर्च, बुडालेल्या फेऱ्या आणि खलाशांच्या जिवाचा धोका, हे तिन्ही नाखव्यावर एकदम येतात.

टाकाऊ तेल :
वापरलेले तेल घातक व इतर कचरा नियम, २०१६ च्या कक्षेत येते. ते खाडीत ओतल्यास कांदळवने व तेथे वाढणारी मासळीची पिल्ले यांनाच बाधा पोहोचते. बंदीचा हेतू मासळीच्या प्रजननास अवसर देणे हा असल्याने, त्याच वेळी खाडीत तेल सोडणे हे बंदीच्या मुळावर घाव घालणारे ठरते. ते बंद पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे.

निष्कर्ष :
तेलबदलाची योग्य वेळ विश्रांतीच्या आरंभी असते, अखेरीस नव्हे. मच्छीमार सहकारी संस्थांनी मे अखेरीस सामूहिक तेलखरेदी व टाकाऊ तेलाचे संकलन एकत्र हाती घेतल्यास इंजिन आणि खाडी या दोहोंचे रक्षण होईल.