घरातील उष्णतेचा उपसा : एसी यंत्र कमी खर्चात कसे चालवावे

घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव ह्या टापूस वैशाख-ज्येष्ठाचा ताप नवा नाही. बदलली आहेत ती घरे. जाड भिंती व धाब्याची मातीची छपरे जाऊन त्यांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आणि टिनपत्रे आली. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत ऊब सोडीत राहतो, आणि वृद्ध, आजारी व तान्ही मुले ह्यांस झोप मिळेनाशी होते. यास्तव भिंतीवर बसवावयाची वातानुकूलन यंत्रे, ज्यांस सर्वजण एसी म्हणतात, आता खेड्यांतील घरांतही दिसू लागली आहेत. कापूस-सोयाबीनच्या पैशातून घेतलेले यंत्र विजेचे बिल पाहून ऐन मे महिन्यात बंद ठेवावे लागले, तर पैसाही गेला आणि ज्या माणसासाठी ते घेतले त्याची सोयही झाली नाही, असे होते. येथे दोष पुष्कळदा यंत्राचा नसून त्याजकडून काम घेण्याच्या रीतीचा असतो.

हे यंत्र थंडी उत्पन्न करते असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते फक्त उष्णतेचा उपसा करते. खोलीतील उष्णता आतल्या नळ्यांतील वायू शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्यास दाबून अधिक तप्त करतो, आणि बाहेरच्या भागातून ती उष्णता मोकळ्या हवेत टाकली जाते. विहिरीवरील मोट पाणी निर्माण करीत नाही, खालचे पाणी वर आणते. तसाच हा प्रकार होय. यंत्राचा 'टन' हादेखील उपशाचाच माप आहे. सुमारे ९०० किलो बर्फ २४ तासांत वितळविण्यास जितकी उष्णता लागते तितकी वाहून नेणारे यंत्र एक टनाचे. म्हणजे ताशी सुमारे साडेतीन युनिट उष्णता. ती वाहण्यास वीज मात्र त्याहून पुष्कळ कमी लागते. यंत्रावरील ताऱ्यांच्या पट्टीवर जो आकडा असतो, तो एका युनिट विजेत वर्षभराच्या सरासरीने किती युनिट उष्णता बाहेर गेली हेच सांगतो. विकत घेताना ताऱ्यांबरोबर हा आकडाही वाचावा.

आता मोटेचा हिशेब पुढे चालवू. पाणी जितके खोल तितके बैलांस कष्ट अधिक. बाहेर ४३ अंश ताप असता खोली २६ अंशांवर ठेवली, तर चढ १७ अंशांचा झाला. तीच १८ अंशांवर ठेवू गेल्यास चढ २५ अंशांचा होतो. शिवाय आत-बाहेरचा फरक वाढला म्हणजे भिंती व छतातून आत पाझरणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. अशा रीतीने उपसावयाचे पाणीही वाढले आणि विहीरही खोल झाली. बिल फुगते ते ह्या दुहेरी कारणाने. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजाप्रमाणे एक अंश वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मुळात २४ अंशांवर लावलेली असावीत असा नियम झाला. १६ अंशांची कळ दाबल्याने खोली लवकर निवते हाही भ्रमच. तापलेल्या खोलीत यंत्र आरंभी पूर्ण जोरानेच चालते. २६ अंश ठेवून छताचा पंखा मंद चालू ठेवावा. पंख्यास लागणारी वीज यंत्राच्या मानाने अत्यल्प असून अंगास गारवा मात्र चांगला लागतो.

यंत्र घेण्यापूर्वी पाझर बुजवावा. स्लॅबवर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचा पांढरा हात द्यावा, टिनपत्र्याखाली छत ठोकून मध्ये हवेची पोकळी ठेवावी, पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून तट्ट्या किंवा पडदा बांधावा, दारांच्या फटी बंद कराव्या. संपूर्ण घर थंड करण्याचा हव्यास न धरता सर्वांस निजता येईल अशी एकच खोली निवडावी.

बाहेरचा भाग शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, सावलीत, पण चोहोकडून मोकळी हवा खेळेल असा बसवावा. त्यावर पेटीसारखे आच्छादन केल्यास त्याने टाकलेली गरम हवा तेच पुन्हा ओढते. गोठ्यालगत तो मुळीच बसवू नये; मलमूत्रातून निघणारा अमोनिया तांब्याच्या नळ्या खातो. पऱ्हाट्यांची व कडब्याची गंजीही जवळ नको. आतल्या वायूचा खप होत नसतो. तो कमी भरला तर गळती आहे असे समजावे, आणि गळती शोधल्यावाचून नुसता वायू भरून घेऊ नये. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांतील वायू ज्वालाग्राही असल्यामुळे हे काम जाणत्या कारागिराकडूनच करवावे.

आपल्या भागात धूळ पुष्कळ. सोयाबीन व तुरीच्या मळणीच्या दिवसांत भुसा, आणि कापूस घरात साठविला असता त्याचे तंतू जाळीवर बसतात. आतली जाळी दर पंधरवड्यास काढून धुवावी व सावलीत वाळवावी. बाहेरच्या पातळ पत्र्या वीज बंद करून मऊ ब्रशाने व पाण्याच्या मंद धारेने स्वच्छ कराव्या. फवारणीचा पंप ह्या कामी वापरू नये. त्याच्या जोराने पत्र्या वाकतात, आणि त्यातील औषधाचा अंश घरात येण्याचे भय आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर पाण्याचाही विचार करावा. बोअरचे खारे पाणी वाळले की क्षारांचा पांढरा थर पत्र्यांवर राहतो. त्याने हवा अडते व धातू झिजतो. यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पाचे असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते बादलीत धरून जाळी धुण्यास वापरावे. पिण्यास मात्र घेऊ नये.

कूलर व एसी एकाच खोलीत एकदम चालवू नयेत. कूलर हवेत ओलावा सोडतो, आणि एक लिटर ओलावा काढताना एसीची सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता वाहण्याची शक्ती खर्ची पडते. कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः घाटावर बुलढाणा-चिखलीकडे, कूलरनेच काम भागत असेल तर एसी घेण्याची घाई नको. मृगाचा ओलावा आल्यावर कूलर निरुपयोगी होतो. एसीचा खरा उपयोग तेव्हा.

विजेचा दाब कमी-अधिक होत असेल तर यंत्राच्या पुस्तिकेतील मर्यादा पाहून स्टॅबिलायझर लावावा. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. शेतीपंपाच्या जोडणीवर घरचे यंत्र लावणे गैर होय.

हाच उपसा उलट करून हिवाळ्यात बाहेरच्या हवेतील उष्णता घरात आणता येते, ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन ह्यांनी १८५२ सालीच मांडली होती. अशी दुहेरी यंत्रे बाजारात मिळतात. सर्वच एसी तशी नसतात, म्हणून घेताना विचारावे. विजेची शेगडी एका युनिटात एकच युनिट ऊब देते. आपल्याकडील थंडीत हे यंत्र साधारण तिप्पट देते. दम्याचे वृद्ध माणूस घरात असता घाटावरील पौषाच्या रात्री ह्याचा विचार करण्याजोगा आहे.

वरील कामांपैकी चुना, तट्ट्या, फटी व जाळी ही चार कामे घरची माणसे एका दिवसात करू शकतात, व त्यांस खर्चही थोडा. शेतकरी बंधूंनी ती होळीच्या आत उरकावी, आणि मगच किती टनाचे यंत्र लागेल हे ठरवावे. पाझर बंद झालेल्या खोलीस लहान यंत्रही पुरते.