तिसऱ्या वर्षी येणाऱ्यांची खोली

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून बरेच विद्यार्थी थेट तिसऱ्या वर्षाला राज्याच्या विद्यापीठात दाखल होतात. शिक्षण स्वस्तात होतं. अडतं ते राहण्यापाशी. पहिल्यापासून तिथे असलेली मुलं तोवर मैत्री जमवून, एकत्र घर भाड्याने घेऊन स्थिरावलेली असतात. नव्याने येणाऱ्याला शहरच अनोळखी. म्हणून लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने २०२२मध्ये दिलेली हमी फार मोलाची : पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना चार वर्षं वसतिगृह, अशा मधूनच येणाऱ्यांना दोन. मात्र अर्जाची मुदत पाळायलाच हवी. बर्कलीच्या विद्यापीठात २०२४ साली सुरू झालेलं ‘अँकर हाउस’ हे वसतिगृह तर अशा मधूनच येणाऱ्यांसाठी बांधलेलं. तिथे ७७०हून अधिक जण राहू शकतात, आणि सदनिकेत स्वतःचं स्वयंपाकघरही मिळतं.