कार अ‍ॅम्प्लिफायरचा 'गेन' म्हणजे व्हॉल्यूम नाही! मग तो सेट कसा करायचा?

द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही अडकलाय. शेजारच्या गाडीत नाशिक ढोल जोरात सुरू आहे. काचा थरथरतायत, डिकीचा पत्रा वाजतोय, पण टिपरू पडल्याचा तो खणखणीत ठोका मात्र ऐकूच येत नाही. येतो तो नुसता 'भर्रर्र' आवाज.

अशा वेळी दोष बहुतेकदा स्पीकरला दिला जातो. खरा घोळ मात्र अ‍ॅम्प्लिफायरवरच्या एका छोट्या स्क्रूमध्ये असू शकतो. त्याचं नाव गेन.

गेन म्हणजे नेमकं काय?

मंडपातला साउंडवाला आठवा. हळू बोलणारा पाहुणा आला की तो माइकची सेटिंग वाढवतो, खड्या आवाजाचा आला की कमी करतो. गेनचं कामही तेच. कारच्या स्टिरिओमधून अ‍ॅम्प्लिफायरला येणारा सिग्नल कुठे २ व्होल्टचा असतो, कुठे ४ व्होल्टचा. त्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायरची जुळणी करणं, एवढंच गेनचं काम.

म्हणजे गेन फुल केला म्हणून १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर २०० वॅटचा होत नाही. त्याची ताकद तेवढीच राहते. फक्त ती व्हॉल्यूम १० वरच संपून जाते.

ताकद संपली की काय होतं?

अ‍ॅम्प्लिफायर झेपेल त्यापेक्षा मोठी लहर काढू शकत नाही. मग लहरीचा माथा आणि तळ कापला जातो. याला 'क्लिपिंग' म्हणतात. कापलेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोलाकार लहरीपेक्षा जास्त सरासरी पॉवर स्पीकरमध्ये ढकलते. पूर्ण चौकोनी झाली तर दुप्पट. स्पीकरच्या आतली व्हॉइस कॉइल तापते आणि शेवटी जळते. ट्वीटर नाजूक असल्यामुळे अनेकदा त्याचाच नंबर आधी लागतो.

सबवूफरचा गेन कसा सेट करायचा?

साधा मल्टिमीटर हवा आणि थोडं गणित.

१. गाडी मोकळ्या जागेत उभी करा आणि इंजिन सुरू ठेवा. बंद गॅरेजमध्ये हे अजिबात करू नका, धूर जीवघेणा असतो.

२. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून सबवूफरच्या वायरी काढा. वायरींची टोकं एकमेकांना किंवा पत्र्याला लागू देऊ नका.

३. इक्वलायझर फ्लॅट करा, बास बूस्ट आणि लाउडनेस बंद करा. गेन सर्वात कमी ठेवा.

४. व्होल्टेज काढा. अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर यांच्यापैकी ज्याचे आरएमएस वॅट कमी, तो आकडा घ्या. खोक्यावरचा 'मॅक्स' आकडा नको. त्याला सबवूफरच्या ओहमने गुणा आणि वर्गमूळ काढा. उदा. १०० वॅट, ४ ओहम: १०० × ४ = ४००, वर्गमूळ २०. म्हणजे २० व्होल्ट.

५. पेनड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा ० डीबी टेस्ट टोन लावा. व्हॉल्यूम तीन चतुर्थांश करा, म्हणजे ४० पैकी ३०.

६. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलला लावा. २० व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा. आकडा आला की थांबा.

७. सगळं बंद करून वायरी परत जोडा. यापुढे ३० ही तुमची लक्ष्मणरेषा.

एक लक्षात ठेवा, मल्टिमीटर व्होल्टेज दाखवतो, क्लिपिंग दाखवत नाही. लहर कापली जातेय का, हे ऑसिलोस्कोपवर दिसतं. भारी सिस्टिम असेल तर तो वापरणाऱ्या इन्स्टॉलरकडे जा.

'पण आता आवाज कमी वाटतोय!'

गेन वाढवून यावर उपाय होत नाही. पॉवर दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. म्हणजे स्क्रू आणखी थोडा फिरवून मिळणारा आवाज किरकोळ, पण त्यासाठी पणाला लागतो अख्खा स्पीकर.

आणि आवाज वाढवायचाच असेल तर हेही माहीत असू द्या: ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी इन्स्टॉलर 'गेन फुल करून देऊ का?' म्हणाला, तर त्याला आधी एकच विचारा, 'व्होल्ट किती सेट केले?'