संयुक्त ‘मानापमान’ : पैज रसिकांची

■ प्रयोग : ८ जुलै १९२१, मुंबई. निमित्त टिळक स्वराज्य फंडाचं. नाटक कृ. प्र. खाडिलकरांचं.

■ कंपन्या : केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ (१९०८) आणि बालगंधर्वांची ‘गंधर्व नाटक मंडळी’ (१९१३). दोन्ही फिरत्या, दोन्ही तोडीस तोड.

■ पात्रयोजना : भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव.

■ रसिक : एरवी ‘सरस कोण’ यावर हमरीतुमरीवर येणारे दोन्ही गट तिकिटांवर तुटून पडले. एकांना हवी केशवरावांची तार सप्तकातली तडफदार तान, दुसऱ्यांना बालगंधर्वांचा लडिवाळ सूर. त्या रात्री दोन्ही एकाच तिकिटात.

■ पुढे : ४ ऑक्टोबर १९२१ला केशवराव गेले. वय अवघं ३१. कोल्हापूरच्या नाट्यगृहाला आज त्यांचंच नाव आहे.