कोळंबीच्या तळ्यातील पाणी मोजून बदला

खाडीकाठच्या कोळंबी-तळ्यात उघाडी उचलावी वा पंप सुरू करावा आणि अंदाजाने बंद करावा, अशी रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. या अंदाजाची किंमत पहाटे कळते. रात्री तळ्यातील शेवाळही प्राणवायू वापरते, म्हणून सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी कोळंबी पृष्ठभागावर येऊन काठाशी गोळा होते आणि हंगामाचे श्रम एका रात्रीत वाया जाण्याचा संभव असतो.

एक हेक्टर विस्ताराच्या व एक मीटर खोल तळ्यात १ कोटी लिटर पाणी मावते. त्याचा दहावा हिस्सा बदलावयाचा तर १० लाख लिटर हवे. पंपाची धार २०० लिटरच्या पिंपात सोडावी. पिंप २० सेकंदांत भरले, तर दर सेकंदास १० लिटर पाणी येते. या वेगाने १० लाख लिटरांस सुमारे २८ तास लागतील. दहा तास पंप चालविल्यास तळ्याचे चार टक्केही पाणी बदलत नाही.

पाटाचे पाणी मोजण्यास काटकोनी त्रिकोणी खाच पाडलेली फळी आडवी बसवावी. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते, म्हणून खाचेची धार प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची असावी. खाचेच्या तळापासून पाण्याची उंची १० सेंटिमीटर असता दर सेकंदास सुमारे ४.४ लिटर पाणी वाहते. २० सेंटिमीटर असता सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट होताच प्रवाह साडेपाच पटींहून अधिक वाढतो, हे ध्यानी ठेवावे. ही उंची खाचेपासून वरच्या बाजूस, उंचीच्या किमान चौपट अंतरावर मोजावी. भरतीने खालचे पाणी खाचेपर्यंत चढल्यास हे माप खोटे ठरते.

नळाच्या आत शिंपले चिकटतात. १० सेंटिमीटर व्यासाचा नळ ९ सेंटिमीटरचा झाला, तर वाट सुमारे एक पंचमांशाने आकुंचित होते. म्हणून पिंपाची परीक्षा दर पंधरवड्यास करावी.

अधिक पाणीही हितकर नव्हे. १९९० च्या दशकाच्या मध्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने भारतातील कोळंबी-संवर्धनाची मोठी हानी केली. बाहेरील पाण्याबरोबर असे रोग तळ्यात शिरतात. यास्तव पाणी बारीक जाळीतून गाळून, गरजेपुरते आणि मोजूनच घ्यावे. ग्रामसेवकांनी एका तळ्यावर ही मोजणी करून दाखवावी. शेजारचे शेतकरी ती पाहून सहज शिकतील.