डोमेनच्या नोंदीत तुमचा पत्ता

घरून लोणची-मसाले विकणारी गृहिणी, शिकवण्या घेणारे निवृत्त शिक्षक, नुकताच दवाखाना थाटलेली डॉक्टर. यांच्यापैकी कोणीही वेबसाइटसाठी डोमेन घ्यायला गेलं की फॉर्ममध्ये नाव, पत्ता, मोबाइल आणि ईमेल भरावा लागतो. अशा लोकांचं ऑफिस म्हणजे बहुधा घरच, त्यामुळे पत्ताही घरचाच जातो. मे २०१८ पर्यंत डॉट कॉमसाठी भरलेली ही माहिती जगात कोणालाही फुकट वाचता येत असे. मग वेबसाइट बनवून देतो म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होत, नूतनीकरणाची खोटी बिलं येत. हा नुसता वैताग झाला. छळ करणाऱ्यापासून दूर जाऊन राहिलेल्या बाईसाठी तीच नोंद म्हणजे थेट जिवाला धोका होता.

ही उघडी वही कोणी दुष्टपणाने सुरू केली नव्हती. १९८२ मध्ये हूइज या सेवेचे नियम लिहिले गेले तेव्हा इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर मोजकी विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्करी कार्यालयं होती. एखादं यंत्र बिघडलं तर फोन कोणाला करायचा, एवढ्यासाठी ती यादी होती. पुढे दुकानदारापासून विद्यार्थ्यापर्यंत सगळे इंटरनेटवर आले, तरी वही तशीच उघडी राहिली. डोमेन व्यवस्थेची जागतिक संस्था आयकॅन, तिनेही नोंदणी कंपन्यांना ती उघडी ठेवण्याचं बंधन घातलं होतं. ते सैल झालं युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे. कायदा २५ मे २०१८ ला लागू व्हायचा होता, त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी आयकॅनने तात्पुरता नियम केला. आता डॉट कॉमच्या नोंदीत व्यक्तीचं नाव, फोन, पत्ता बहुतेक वेळा झाकलेला असतो.

याशिवाय माहिती झाकण्याच्या सेवा विकतही मिळतात. त्यांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक विकणारे क्वचितच समजावून सांगतात. पहिल्यात नोंद तुमच्याच नावावर राहते, फक्त संपर्काचे तपशील मध्यस्थाचे दिसतात. दुसऱ्यात मध्यस्थ कंपनी स्वतःच मालक म्हणून नोंदली जाते आणि तुमचा हक्क तिच्याशी झालेल्या करारापुरता उरतो. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव लावून जमीन कसण्यासारखंच हे. अमेरिकेतली रजिस्टरफ्लाय ही डोमेन नोंदणी कंपनी २००७ मध्ये कोलमडली, तेव्हा तिची गोपनीयता सेवा घेतलेल्या ग्राहकांना ‘हे डोमेन माझं आहे’ हे सिद्ध करणं फार जड गेलं. त्यामुळे पैसे भरण्याआधी मूळ मालक म्हणून कोणाचं नाव राहणार, हे विचारून घ्यावं. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने सोयीसाठी स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतलं असेल, तर तेही आजच आपल्या खात्यावर आणावं. आपल्याकडे डोमेन हातचं जाण्याची ही नेहमीची वाट आहे.

काही जण यावर सोपा उपाय शोधतात आणि खोटा पत्ता, बंद पडलेला नंबर टाकून मोकळे होतात. हे करू नका. खोटी माहिती देणं हा कराराचा भंग ठरतो. पडताळणीच्या ईमेलला पंधरा दिवसांत उत्तर गेलं नाही तर डोमेन बंद पडू शकतं. माहिती जगापासून झाकलेली असावी, पण नोंदणी कंपनीकडे ती खरीच हवी. त्यासाठी वेगळा ईमेल ठेवावा, मात्र तो त्याच डोमेनवरचा नको. डोमेन अडकलं तर ते सोडवण्याचा ईमेलही त्याच्यासोबत अडकतो.

डॉट इनची गोष्ट थोडी निराळी. तिथे मध्यस्थाचं नाव लावायला परवानगी नाही. निक्सी ही आपली राष्ट्रीय नोंदणी संस्थाच व्यक्तीचं नाव, फोन, पत्ता झाकते. उघडे राहतात ते संस्थेचं नाव, राज्य आणि देश. कित्येक जण ‘संस्था’ या रकान्यात स्वतःचंच पूर्ण नाव लिहितात आणि ते तसंच जगापुढे जातं. व्यवसायाचं नाव असेल तर ते लिहावं, नसेल तर तो रकाना रिकामा सोडता येतो का, हे आधी पाहावं.

२०१८ पूर्वी नोंदणी केलेल्यांची अडचण मात्र सुटलेली नाही. त्या वेळच्या उघड्या नोंदी खासगी कंपन्यांनी उतरवून साठवल्या आणि त्या आजही विकल्या जातात. आज नोंद झाकली तरी त्या जुन्या प्रती पुसल्या जात नाहीत. तो नंबर आणि तो ईमेल उघडाच आहे असं धरून चालावं, आणि बँकेसाठी दुसरा वापरावा.