एक मेची ग्रामसभा

पहाटे 4.40
रायगडच्या कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पट्ट्यातली एक ग्रामपंचायत. तिचा पाणीवाला पंपघराकडे निघालाय. हातात व्हॉल्व्हची लोखंडी चावी, खिशात टॉर्च. उजाडलं की विजेचा दाब घसरतो, म्हणून ही वेळ. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा मोटार घुमली.

जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची विहीर, पेज नदीच्या काठाला आहे. वर भिवपुरीला टाटांचं वीजघर, 1922 सालचं. मुंबईसाठी वीज करून झाल्यावर तिथलं पाणी पेजेत उतरतं, म्हणून भर उन्हाळ्यात ही नदी वाहते. वीजघर थांबलं की पातळी खाली. ते कधी थांबणार, हे याला कोणी कळवत नाही. तो काठावरच्या दगडांवरचा ओला पट्टा बघतो आणि टाकी भरेल की नाही ते सांगतो.

6.15
टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकून झाली. आता व्हॉल्व्ह. एका आळीला चाळीस मिनिटं, मग दुसरी. खड्ड्यात उतरायचं, चावी बसवायची, अंग टाकून फिरवायची. गंज आहे, तळहाताला घट्टे आहेत.

खालच्या आळीत एक बाई रिकामा हंडा दाखवते. "दादा, नळाला नुसती हवा येतेय."

"वरच्या घरात मोटार लावलीय, वहिनी."

"मग काढा ना."

"मी काढली तर उद्या मलाच काढतील."

नळातून एका छोट्या बाटलीत पाणी घेऊन तो औषधाचे थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन पोचलंय. वहीत तारीख, वेळ, नळधारकाची सही.

8.00
महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन. दोरी बांधणारा हाच. शाळेच्या मुलांना गोळ्या वाटणाराही हाच.

9.10
फुटलेल्या जोडाचा निरोप. मोटारसायकलने कशेळे बाजार. रबरी वॉशर, कपलिंग, टेफ्लॉन टेप. बिल ग्रामपंचायतीच्या नावाने, पैसे सध्या याच्या खिशातून. बिल मंजूर होऊन परत मिळेस्तोवर दुसरा जोड फुटतो. पेट्रोल तर कोणत्याच बिलात बसत नाही. चहा उभ्याने.

10.40
आता रिक्षावर भोंगा बांधून दवंडी. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की..." पुढचं गावाला पाठ आहे. नोटीस आठवड्यापूर्वीच लागली, व्हॉट्सॲपवरही फिरली. महिला सभा काल झाली. कायद्याने ती आधीच घ्यावी लागते. ग्रामसभेला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हवीत. नसली तर सभा तहकूब. तहकूब सभेला मग गणपूर्ती लागतच नाही. ही सोय काहींना फार आवडते.

11.45
समाजमंदिरात सतरंज्या. पुढे टेबल, सरपंच, भाऊसाहेब. ग्रामसेवकाचं पद आता कागदावर 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय. हाक अजून भाऊसाहेबच. पाणीवाला दाराशी उभा. हजेरीची वही त्याच्याकडे. शाईचा पॅडही, अंगठ्यांसाठी.

मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम. जमाखर्च. योजनांची यादी. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो, हे भाऊसाहेब नीट समजावून सांगतात. पंखा फिरतो. माणसं उठून बाहेर जातात, तंबाखू मळून परत येतात.

लोक ज्यासाठी आलेत ते विषयपत्रिकेत सगळ्यात खाली असतं: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. तिथे पोचायला पाऊण तास गेला. मग सगळे एकदम बोलायला लागले. रस्त्याची साइडपट्टी खचलीय. तो बांधकाम खात्याचा. डीपीचं झाकण उघडं. महावितरण. दवाखान्यात रात्री डॉक्टर हवा. आरोग्य खातं, म्हणजे पत्र जिल्ह्याला, अलिबागला. कर्जतहून खोपोली, पेण करत माणसाचा दिवस जातो. पत्राचे किती जातात, ते ज्याने पाठवलंय त्याला विचारा.

वाडीवरची एक म्हातारी उभी राहिली. ठाकर बाई, पदर खोचलेला. "नळ उभा केला. तोटी बसवली. फोटू काढला. पानी कवा?"

मागून आवाज. "आधी पानीपट्टी भरा."

"पानी नाय तर पट्टी कशाची?"

थोडा वेळ कोणी बोललं नाही. माझ्या मते त्या सभेतलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं, आणि ते इतिवृत्तात उतरलं नाही. उतरलं ते असं: वाडीवरील पाणीटंचाईबाबत चर्चा करण्यात आली, टँकरची खेप वाढवण्याचा प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

दुपारी 2.30
सतरंज्या झटकून घड्या. खिचडी उरली होती, ती डब्यात. पाणीवाला आता जेवतो.

4.20
वाडीवर टँकर आला. घरोघर नाही, विहिरीत ओततात. पाइप धरायला पुन्हा हाच. पाणी पडायच्या आधीच दोऱ्या सुटतात, हंड्याला हंडा लागतो, पहिल्या बादल्या गढूळ येतात. जल जीवन मिशनचा हिशेब माणशी दररोज 55 लिटरचा. टँकरचा निकष 20 लिटरचा. म्हातारीच्या वाट्याला दोन हंडे आणि एक कळशी. घरात माणसं पाच.

6.30
संध्याकाळचा पंप. त्याला पगाराचं विचारलं. "सरकारचा वाटा खात्यात येतो. पंचायतीचा वसुली झाली की." म्हणजे खालच्या आळीने पट्टी भरली तर. खालच्या आळीला हवा येते.

भाऊसाहेब ऑफिसात अजून ठराव लिहितायत. वर्षाच्या ग्रामसभा साधारण चार: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. त्यातली टंचाईत येते ती एकच, आजची. पुढची 15 ऑगस्टला. तेव्हा इथे पाऊस कोसळत असतो, विहिरी काठोकाठ असतात आणि विषय असतो वाहून गेलेल्या मोऱ्यांचा. आजच्या ठरावाची नक्कल ज्याला हवी असेल त्याने ती याच आठवड्यात मागून घ्यावी.